जळका चमचा

आज लेकीने शाळेतून पोस्टर आणलं. कवटी, सिरिंज आणि खाली लाल अक्षरांत ‘व्यसनी माणूस समाजाचा शत्रू’. पहिला नंबर आलाय. तिला शाबासकी दिली आणि बाथरूममध्ये जाऊन पाच मिनिटं नळ सोडून उभी राहिले.

कारण आमच्या घरातल्या समाजाच्या शत्रूने मला सायकल शिकवली होती. दादाने.

जवळच्यांना माहीत आहे, बाकीच्यांना आज कळलं तर कळो. मी आठवीत होते. घरातले चमचे कमी व्हायला लागले. आई म्हणायची, खरकट्याबरोबर कचऱ्यात जात असतील. मग एक चमचा दादाच्या गादीखाली सापडला, बूड काळंठिक्कर. तिने काय केलं माहितीये? तो भिजत घातला, घासून लख्ख केला आणि परत स्टँडला लावला. तिला वाटलं, पोरगा मेणबत्तीवर कसला तरी प्रयोग करतोय.

आई अडाणी नव्हती हो. शिक्षिका होती, तीही विज्ञानाची! जळका चमचा म्हणजे घरात कोणीतरी हेरॉइन तापवून घेतंय, हा अर्थ तिला कोणी कधी सांगितलाच नव्हता.

२६ जून हा अमली पदार्थविरोधी दिन संयुक्त राष्ट्रांनी १९८७ मध्ये ठरवला. तेव्हापासून नुसत्या कवट्या रंगवतोय आपण. मान्य, भीतीने चार पोरं लांब राहत असतील. राहोत बापडी. पण त्याच वर्गात एखादं पोर असेल, ज्याच्या घरी हे रोज चालतं. ते पोस्टर बघून ते कोणाकडे जाऊन तोंड उघडेल? मी नव्हतं उघडलं. बाबा नातेवाइकांना सांगायचे, तो बाहेरगावी नोकरीला असतो. मी पाकिटातले सुट्टे पैसे मोजून झोपायचे, म्हणजे झोपायचे नाहीच, कडी वाजायची वाट बघायचे. आई ‘हे शेवटचं’ म्हणत त्याची उधारी फेडायची. नशा एकाची आणि जागरण चौघांना. दारूच्या व्यसनात अडकलेल्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉनसारखे गट १९५१ पासून आहेत. घरच्यांनाही आधार लागतो, हेच मला सगळं संपल्यावर कळलं.

पुढचं जरा सावकाश लिहिते.

दादा तीन महिने उपचार घेऊन आला. गाल भरलेले, हसत होता. सुटला एकदाचा, म्हणून आम्ही निर्धास्त. पण हेरॉइन बंद राहिलं की शरीराची सवय उतरते. आधी जेवढं पचायचं, तेवढंच आता श्वास थांबवू शकतं. म्हणजे घरी आल्यानंतरचेच दिवस सगळ्यात धोक्याचे! डॉक्टरांना हे माहीत असतं. आम्हाला मिळालेल्या कागदावर गोळ्यांच्या वेळा होत्या, पुढची तारीख होती. ही एक ओळ नव्हती. नालोक्झोन नावाचं औषध असतं, वेळेत दिलं तर अशा वेळी श्वास परत सुरू होऊ शकतो, हेही कोणी सांगितलं नाही. एक ओळ हो! किती शाई लागली असती?

एकोणिसाव्या दिवशी बाबांनी बाथरूमचं दार तोडलं. आत नळ चालू होता.

आता कोणीतरी लिहीलच, ‘सुरुवात कोणी केली?’ त्यानेच केली. त्याचा रागही आहे मला, अजून आहे. पण तुमच्या त्या प्रश्नाने आमचं दार वेळेत उघडलं नसतं.

असो. खूप तावातावाने लिहिलं, पण खोडत नाही. लेकीच्या बाईंवर राग नाही, त्यांनाही कोणी शिकवलं नसेल.

रात्री लेकीला मामाबद्दल पहिल्यांदा सगळं सांगितलं, चमच्यासकट. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तो चमचा कुठेय आता?”

आजीकडे, स्टँडमध्ये. ती तो कोणाला वापरू देत नाही. पण भांडी घासताना रोज घासते.