मेथी-कारल्याच्या पावडरवर शुगरची गोळी बंद करू नका

तो मेसेज परत फिरायला लागलाय. मेथी, कारलं, दालचिनी, जांभळाच्या बिया सगळं दळून रोज सकाळी उपाशीपोटी एक चमचा घ्या, ४० दिवसांत डायबिटीस मुळापासून जातो, मेटफॉर्मिन (डायबिटीसची नेहमीची गोळी) हे केमिकल आहे, किडनी खराब करतं, आजच बंद करा, आणि पावडर नैसर्गिक म्हणून साइड इफेक्ट शून्य. हे वाचून खरंच गोळ्या सोडणारे लोक आहेत म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी मेथी. मेथीत गुण आहे, त्यात वाद नाही. तिच्यातला गॅलॅक्टोमॅनन नावाचा चिकट फायबर पोटात फुगतो, जेवण हळू पुढे सरकतं आणि साखर रक्तात एकदम चढत नाही. पण किती मेथी? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने टाइप २ च्या, म्हणजे सहसा मोठेपणी होणाऱ्या डायबिटीसच्या पेशंटना रोज २५ ग्रॅम मेथी पूड देऊन अभ्यास केला होता. इथे चार वस्तू मिळून एक चमचा, म्हणजे मेथी जेमतेम एखादा ग्रॅम, त्यात काय होणार? आणि काहीजण तर रात्री दाणे भिजवून नुसतं पाणी पितात आणि दाणे टाकून देतात, म्हणजे बहुतेक फायबर गेला कचऱ्यात. दाणे चावून खा, पीठात मिसळा, भाजी करा.

कारलं. थायलंडमध्ये २०११ साली कारल्याची रोज २ ग्रॅम पूड आणि मेटफॉर्मिन यांची थेट तुलना झाली. कारल्याने शुगर थोडी उतरली, मेटफॉर्मिनपेक्षा कमीच. मग गोळीच्या जागी कारलं कसं काय घ्यायचं? जांभळाच्या बियांवरचं बरंचसं काम तर उंदरांवर झालंय.

"साइड इफेक्ट शून्य" याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. बाजारात स्वस्तात मिळणारी जाड सालीची दालचिनी बहुतेक वेळा कॅसिया नावाच्या जातीची असते, तिच्यात कूमरिन नावाचं द्रव्य असतं आणि ते जास्त झालं तर काही जणांच्या लिव्हरला त्रास होतो. युरोपात रोजची मर्यादा वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.१ मिलिग्रॅम धरतात, ६० किलोच्या माणसाला ६ मिलिग्रॅम, आणि तेवढं साधारण २ ग्रॅम कॅसियातच येऊ शकतं. भाजीत, चहात टाकतो तेवढ्याने काही होत नाही, प्रश्न महिनोन्महिने चमचे भरून खाण्याचा आहे.

आता मेटफॉर्मिन. त्याचं मूळसुद्धा एका वनस्पतीतच आहे बरं का, युरोपातली गॅलेगा, तिच्यातल्या द्रव्यांवरून हे औषध घडलं आणि १९५७ मध्ये पॅरिसच्या डॉ. जाँ स्टर्न यांनी ते डायबिटीसवर वापरलं. ते किडनी खराब करत नाही. किडनी आधीच कमजोर असेल तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा बंद करतात, लोकांनी तेच उलटं करून सांगितलंय, खरं तर किडनी बिघडवते ती वर्षानुवर्षं वाढलेली शुगर. हां, बरीच वर्षं घेतलं तर व्हिटॅमिन बी१२ कमी होऊ शकतं, ते तपासून घ्या.

ग्लिमेपिराइडसारखी शरीरातलं इन्सुलिन वाढवणारी गोळी चालू असेल आणि त्यावर उपाशीपोटी कारल्याचा रस सुरू केला तर शुगर अचानक खाली जाऊ शकते, घाम, थरथर, चक्कर, त्यामुळे डॉक्टरांना आधी सांगा. आणि घरात टाइप १ चं, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही असं मूल असेल तर त्याचं इन्सुलिन कुठल्याही पावडरसाठी एक दिवससुद्धा थांबवू नका, कीटोअॅसिडोसिस (इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साचून जीवावर बेतणं) व्हायला काही तासही पुरतात.