शेवटचा शब्द डॉक्टरचा असावा

१० सप्टेंबर २०२१ च्या सकाळी मी मुलाला घेऊन मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाकडे निघालो होतो. भारत-इंग्लंड मालिकेतील पाचवी कसोटी सुरू होण्यास जेमतेम दोन तास उरले असताना, भारतीय पथकात कोरोना शिरल्याने ती रद्द झाल्याची बातमी आली. पुढचे अनेक दिवस इथल्या, म्हणजे इंग्लंडमधल्या, वृत्तपत्रांत भारतीय खेळाडूंना १९ सप्टेंबरपासून पुन्हा सुरू होणाऱ्या आयपीएलची ओढ लागल्याची टीका चालली, तर मायदेशीचे मित्र खेळाडू घाबरले की शहाणपणाने वागले यावर वाद घालत होते. संघाच्या वैद्यकीय पथकाचे मत काय होते आणि त्याला वजन किती होते, हा प्रश्न मात्र दोन्हीकडच्या चर्चेत मला भेटला नाही.

खरे तर सारे प्रकरण त्या पथकापाशीच येऊन थांबले होते. ओव्हलच्या चौथ्या कसोटीदरम्यान भारताचे प्रशिक्षक रवी शास्त्री कोरोनाबाधित आढळले आणि त्यांच्या संपर्कातले मुख्य फिजिओही विलगीकरणात गेले. खेळाडूंच्या उपचारांचा भार सहायक फिजिओवर आला आणि मँचेस्टरच्या कसोटीच्या तोंडावर तोही बाधित निघाला. खेळाडूंच्या चाचण्या निगेटिव्ह आल्या होत्या; पण ज्याच्याकडून आदल्या दिवसापर्यंत खांदे आणि मांड्या चोळून घेतल्या, त्याच्यापासून झालेली लागण आजच्या चाचणीत दिसेलच असे नाही, हे कोणताही डॉक्टर सांगेल. अशा वेळी खेळायचे की नाही हे दोन क्रिकेट मंडळांनी आपसांत बोलून ठरवावे, हे मला पटत नाही.

मी इथे डॉक्टर आहे आणि २०२० च्या हिवाळ्यात एका लहान व्यावसायिक फुटबॉल क्लबचे काम पाहत होतो. सामन्याच्या दिवशी सकाळी सहा वाजता फोनवर अहवाल आला, त्यात मुख्य आघाडीपटू बाधित होता. प्रशिक्षकाने पहिला प्रश्न विचारला, ‘पुन्हा चाचणी करता येईल का?’ तासाभराने अध्यक्षांचाही तोच प्रश्न आला. तो वीस-बावीस वर्षांचा मुलगा बूट पिशवीत भरत होता आणि त्याच्या खोलीत राहणाऱ्या दुसऱ्या खेळाडूलाही घरी पाठवावे लागणार होते. मी ठाम राहू शकलो, याचे श्रेय माझ्या धैर्याला नाही. संघाबाहेरच्यांनी लिहिलेली नियमावली माझ्या हातात होती आणि बाधित खेळाडूला उतरवण्याची मुभा तिने कोणालाच ठेवली नव्हती.

म्हणून परदेशात सगळे आदर्श आहे असे मी म्हणणार नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये चेल्सी या फुटबॉल क्लबच्या डॉक्टर एव्हा कार्नेरो पंचांनी बोलावल्यावर जखमी खेळाडूकडे धावल्या, म्हणून प्रशिक्षकांनी त्यांच्यावर जाहीर टीका केली. त्यांना क्लब सोडावा लागला आणि क्लबची माफी येईपर्यंत २०१६ चा जून उजाडला. शांततेच्या काळात डॉक्टरचे हे हाल असतील, तर साथीत काय होईल?

आपल्याकडे एप्रिल २०२१ च्या अखेरीस रोज तीन लाखांहून अधिक रुग्ण सापडत असताना आयपीएल चालू राहिले. लोकांना चार घटका विरंगुळा मिळतो, असे त्याचे समर्थन झाले आणि ऑक्सिजनसाठी वणवण चालू असताना हा तमाशा कशाला, असा संतापही व्यक्त झाला. संतापणाऱ्यांच्या बाजूने मी होतो आणि आजही आहे. अखेर खेळाडूच बाधित होऊ लागले आणि ४ मे रोजी स्पर्धा थांबली. पण त्याआधी शहर बदलण्याच्या प्रत्येक प्रवासाला संमती कोणी दिली आणि एखाद्या डॉक्टरने नकार दिला असता तर तो कोणाला बंधनकारक ठरला असता, यावर वाद झाला असता तर पुढच्या साथीसाठी काही हाती लागले असते.

संघाच्या डॉक्टरने साथीत नेतृत्व करावे अशी अपेक्षा असेल, तर त्याची नेमणूक आणि पगार फ्रँचायझीच्या मालकाच्या मर्जीवर असू नये. खेळ थांबवण्याचा त्याचा अधिकार मालिकेपूर्वी लेखी जाहीर व्हावा. तो स्वतः आजारी पडला तर जागा कोण घेणार, हेही त्याच कागदावर असावे. मँचेस्टरच्या कसोटीच्या तोंडावर दोन्ही फिजिओ खोलीत बंद झाले, तेव्हा दुखऱ्या खांद्यांचे अकरा जण दार कोणाचे ठोठावणार होते?