सहा भाकरींचं ग्रिल

"ग्रिल घ्यायचं म्हणतोय," असं मी फोनवर सांगितलं, तेव्हा आई क्षणभर गप्प झाली. मग काळजीच्या सुरात म्हणाली, "म्हणजे इतके दिवस खिडक्या उघड्याच होत्या तुमच्या?"

तिचं काही चुकलं नव्हतं. रत्नागिरीत ग्रिल म्हणजे खिडकीला बसवायची लोखंडी जाळी. ती चोरासाठी असते आणि तिच्यावर फार तर पायपुसणं वाळत घालतात. इथे न्यू जर्सीत मात्र ग्रिल मागच्या अंगणात असतं, त्याला चाकं असतात, आणि मे महिन्याचा शेवटचा सोमवार आला की अख्खी गल्ली ते ओढून बाहेर काढते. मेमोरियल डे हा खरं तर युद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा दिवस. पण धुराचा हंगाम त्या दिवशी सुरू होतो आणि सप्टेंबरातल्या लेबर डेपर्यंत चालतो.

"अगं, खिडकीचं नाही. भाजायचं. कणसं, चिकन, वांगी."

"मग शेगडी म्हण की सरळ. केवढी घेणार?"

या 'केवढी'ने माझे पुढचे दोन महिने खाल्ले.

आधी आम्ही तेरा वर्षं टाउनहाऊसमध्ये राहायचो. लाकडी डेक, शेजारची भिंत हातभर अंतरावर, त्यामुळे डेकवर जाळ करायचा नाही असा सोसायटीचा नियम. त्या नियमाच्या नावाने आम्ही दर उन्हाळ्यात बोटं मोडायचो. तो नियम किती सुखाचा होता हे स्वतःचं घर आणि त्याच्या मागे अंगण आल्यावर कळलं. आता सबब उरली नव्हती. घरभरणीला आलेल्या प्रत्येकाने आधी अंगण पाहिलं आणि मग विचारलं, "ग्रिल कुठलं घेणार?" देवघर कुठे केलंय हे फक्त दोघांनी विचारलं.

दुकानात गेलो तर ग्रिलांची रांग लागलेली. एका टोकाला टिफिनएवढं, दुसऱ्या टोकाला छोटी मारुती वाटावी असं. तिथल्या पोराने, असेल एकोणीस-वीस वर्षांचा, रेशन ऑफिसात विचारतात तसं विचारलं, "घरात माणसं किती?"

"चार. आई आली की पाच."

"मग तीन बर्नर. साडेचारशे चौरस इंच. भरपूर झालं." एवढं बोलून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलासुद्धा.

त्याला माणसं कळली, घर कळलं नाही. आमची लेक दोन वर्षांपूर्वी शाकाहारी झाली, तीही अशी कडक की अंड्याचा चमचा तिच्या भाजीच्या दिशेने नुसता वळला तरी ताट सरकवते. धाकटा चिकन सोडून कशालाही अन्न मानत नाही. बायको सगळं खाते, पण सोमवारी नाही. आई सोमवार, चतुर्थी आणि अख्खा श्रावण पाळते आणि उरलेल्या दिवसांत मासळीवर अशी तुटून पडते, की पाळलेल्या दिवसांची भरपाई व्हावी. शिवाय महिन्यातून एकदा मेव्हण्याचं कुटुंब येतं, त्यातल्या एकाला कांदा-लसूण चालत नाही. आम्ही पाच माणसं नव्हतोच, पाच स्वयंपाकघरं होतो.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत '६५० चौरस इंच' लिहिलेलं असतं. मी हरखलो. बायको इंजिनीअर, तिने खालचं बारीक अक्षर वाचलं. त्या ६५० मध्ये २०२ इंच वरच्या फळीचे होते. ती फळी भाजायला नसते, भाजलेलं गरम ठेवायला असते. एजंटाने फ्लॅट दाखवताना बाल्कनी, जिना आणि लिफ्टची जागा धरून क्षेत्रफळ सांगावं, तसाच हा प्रकार. खरी जाळी २८ बाय १६, म्हणजे ४४८. खाली अभिमानाने छापलं होतं, 'एका वेळी २८ बर्गर'.

बर्गर हे माप आमच्या घरात कुणालाच कळेना. चार इंचाचा एक बर्गर, सात गुणिले चार अठ्ठावीस, हिशोब बरोबर होता. पण आईला फोनवर २८ बर्गर सांगणं म्हणजे कोसातलं अंतर मीटरमध्ये सांगण्यासारखं.

"भाकरी किती राहतील ते सांग," ती म्हणाली.

मी कागद घेतला. आईची तांदळाची भाकरी आठ इंचांची. लांबीत तीन, रुंदीत दोन. सहा. बाजूला चार इंचांची पट्टी उरते, तिथे मिरच्या. अठ्ठावीस बर्गरचं ग्रिल बघता बघता सहा भाकरींवर आलं. घरातली स्वतःची किंमत कमी झाल्यावर माणूस जसा गप्प बसतो, तसं ते खोकं मला त्या दिवशी दिसलं.

"सहा भाकऱ्यांसाठी एवढं मोठं धूड?" आई म्हणाली. "माझ्या चुलीवर..." आणि पुढची दहा मिनिटं चूल.

मग उष्णतेचा प्रश्न निघाला. त्याच चार बर्नरवाल्या खोक्यावर '४८,००० बीटीयू' लिहिलं होतं. बीटीयू म्हणजे एक पाउंड, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला लागते तेवढी उष्णता. हा आकडा तासाचा असतो हेही बायकोनेच शोधलं. ब्रिटिश गेले, पण त्यांचं हे माप अमेरिकेत आंघोळीच्या पाण्यापासून भट्टीपर्यंत सगळीकडे राहिलं. आईसाठी मी तेही करून ठेवलं. वीस लिटरची बादली नळाच्या गार पाण्यापासून आंघोळीइतकी ऊन करायला साधारण दोन हजार बीटीयू. सगळी उष्णता पाण्यातच गेली असं धरलं, तर हे ग्रिल तासाला चोवीस बादल्या पाणी तापवेल.

"मग बंबच घे ना," आई म्हणाली. "आणि गॅस कुठून आणणार? नंबर लावावा लागतो का?"

इथे नंबर लावावा लागत नाही. वीस पाउंडांचा सिलिंडर, म्हणजे नऊ किलो गॅस मावणारा. आपल्या घरच्या १४.२ किलोच्या लाल सिलिंडरपुढे तो शाळकरी वाटतो. पेट्रोल पंपावर, किराणा दुकानाच्या बाहेर, पिंजऱ्यात रांगेने उभा असतो. रिकामा द्यायचा, भरलेला घ्यायचा. काठोकाठ भरलेला असेल, तर चारही बर्नर पूर्ण सोडून नऊ तास पुरतो. आई हे ऐकून हळहळली. नंबर लावायचा नाही, डिलिव्हरीवाल्याची वाट बघायची नाही, मग घरात गॅस आहे हे माणसाला जाणवणार कसं?

याच सुमारास शेजारच्या अमेरिकन आजोबांनी कुंपणावरून सल्ला दिला. त्यांच्याकडे काळी गोल कोळशाची शेगडी आहे, पायांवर उभी, वर झाकण. दोन कढया एकमेकींवर पालथ्या घातल्यासारखी. ही बनवली जॉर्ज स्टीफन नावाच्या माणसाने, १९५२ साली. शिकागोजवळ वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये तो कामाला होता. तिथे बंदरावरच्या तरंगत्या बोयांसाठी धातूचे अर्धगोल बनायचे. उघड्या शेगडीत वारा शिरतो, राख उडते, याला कंटाळून त्याने त्यातला एक अर्धगोल घेतला, पाय लावले, दुसरा झाकण म्हणून ठेवला. पाण्यावर तरंगायची वस्तू, अंगणात मटण भाजायला लागली. त्यात जो कोळसा घालतात त्याच्या वड्यांमागे हेन्री फोर्डचा हात. मोटारींना लागणाऱ्या लाकडाचा भुसा-तुकडे वाया जात होते, म्हणून मिशिगनमध्ये त्याने त्याचा कोळसा करून विकायला काढला. कारखान्यातलं काही फेकायचं नाही ही वृत्ती पाहता त्याची आजी आमच्याकडची असावी.

"बावीस इंच," आजोबा झाकणावर थाप मारून म्हणाले. "तीस माणसं जेवली आहेत यावर."

गोल जाळी बघून माझ्या डोक्यात लगेच भाकऱ्या फिरल्या. सात इंची केल्या तर मधे एक, भोवती सहा. सात! चौकोनी ग्रिलपेक्षा एक जास्त, आणि किंमत पाव. मनातून मी तिथेच घसरलो होतो. मला लहानपणची मांडवी किनाऱ्यावरची कणीसवाली आठवली. ओंजळीएवढी तिची शेगडी, एका हातात पंखा, दुसऱ्या हाताने कणीस फिरवणं, आणि पावसाळी संध्याकाळी समोर वीस माणसं. कुणी तिला चौरस इंच विचारले नाहीत.

पण बायकोने एकच प्रश्न विचारला. "बुधवारी साडेसहाला ऑफिसातून आल्यावर कोळसे कोण फुलवणार?" निखारे व्हायला अर्धा तास, नंतर राख. तिने माझ्याकडे पाहिलं. मी गॅसच्या बाजूने मत दिलं.

शेवटी चार बर्नरचं घेतलं, आणि त्याला बाजूला एक वेगळी छोटी शेगडी. लोकशाहीत सगळ्यांना खूश करायचं तर मंत्रिमंडळ वाढवावं लागतं. खोकं गाडीत मावलं नाही, मेव्हण्याची व्हॅन आणली. जोडायला दोन संध्याकाळी लागल्या, चार स्क्रू उरले. ते मी अजून एका डबीत जपून ठेवले आहेत. ते नेमके कुठले, हे ज्या दिवशी कळेल तो दिवस वाईट असणार.

आई जूनमध्ये आली. अंगणात गेली, ग्रिलभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाली, "बाई गं. केवढं मोठं घेतलंस."

पहिला मोठा बेत चार जुलैला, म्हणजे इथल्या स्वातंत्र्यदिनाला. चौदा माणसं. लेकीने सकाळीच जाळीवर फॉइलची घडी घालून सीमा आखली. डावीकडे पनीर, ढोबळी मिरची, कणसं. उजवीकडे चिकन. मधले दोन बर्नर रिकामे, म्हणजे निर्लष्करी पट्टा. कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी डाव्या भागात आणखी एक फॉइल. ४४८ पैकी दोनशे इंच नुसत्या सीमांत गेले. चिमटे तीन, त्यांना रंगीत दोऱ्या. मी चिकनच्या चिमट्याने चुकून एक कणीस उलटलं आणि ते कणीस त्याच क्षणी मांसाहारी ठरलं.

भरताचं वांगं मात्र आईच्या ताब्यात होतं. इथली वांगी नारळाएवढी. "टोचे मार, तेल लाव," ती म्हणाली. मी म्हटलं, अगं हे बंद झाकणाचं आहे, चूल नव्हे, सगळीकडून सारखी आच लागते. ती काही बोलली नाही. आई काही बोलत नाही तेव्हा सावध व्हावं, हे मला या वयापर्यंत कळायला हवं होतं. पंचवीस मिनिटांनी झाकणाच्या आत धडाम् असा आवाज आला. लांब गावातल्या फटाक्यांची सुरुवात झालीच होती, त्यामुळे कुणी दचकलं नाही. एका पाहुण्याने तर टाळ्या वाजवल्या. झाकण उघडलं तेव्हा वांग्याने सगळ्या सीमा पुसून टाकल्या होत्या. पनीर, चिकन, कांदावाले, बिनकांदावाले, सगळ्यांवर सारखंच वांगं.

कुणी उपाशी राहिलं नाही, कारण ग्रिलवर विसंबून आलं होतं कोण? पाहुण्यांनी अॅल्युमिनियमचे ट्रे भरभरून आणले होते. पुलाव, रगडा पॅटिस, छोले, दोन घरांचे गुलाबजाम. माझ्या ४८,००० बीटीयूवर शेवटी कुणीतरी रगडा गरम केला.

ग्रिलमधली खरी कामाची वस्तू बाजूची छोटी शेगडी निघाली. तिचा शोध आईने लावला. इथली घरं लाकडाची, खिडक्या बंद आणि छताला धुराचा भोंगा. साध्या फोडणीलाही तो बोंबलतो. ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून आणलेले सुके बोंबील आईने बाहेर तव्यावर भाजले, आणि दोन घरांपलीकडच्या कुत्र्याने येऊन कुंपणाला नाक लावलं. कुठलाही भोंगा वाजला नाही. तेरा वर्षांत पहिल्यांदा आमच्या घरात बोंबलाची चटणी झाली आणि पडद्यांना वास लागला नाही. या शेगडीचं माप कुठल्याच खोक्यावर मोठ्या अक्षरांत नव्हतं.

जुलै संपत आला. एका रविवारी मेव्हण्याकडची मंडळी येणार होती, म्हणून मी सकाळी चिकनला मसाला चोळून ठेवला आणि ग्रिल पेटवायला बाहेर गेलो. ग्रिलवर माझी जुनी लुंगी अंथरलेली. खाली प्लॅस्टिकचा कागद. झाकण उघडून जाळीवर परात, दोन्ही बाजूंच्या टेबलांवर ताटं, छोट्या शेगडीच्या झाकणावर सुपाएवढा तुकडा, आणि सगळीकडे रांगेने साबुदाण्याच्या पापड्या.

"आई, हे काय?"

"जुलैत एवढं ऊन!" तिचा आवाज भारावलेला होता. "आपल्याकडे या दिवसांत कपडे वाळत नाहीत. म्हटलं, वाया कशाला घालवायचं?"

"अगं, पण पाहुणे येणार आहेत. मला हे पेटवायचंय."

"संध्याकाळपर्यंत हात लावू नकोस. ओल्या आहेत."

मी मुकाट शेजारच्या आजोबांकडे त्यांची गोल शेगडी मागायला निघालो. मागून आई एका ताटातल्या पापड्या दुसऱ्या ताटात दाटीवाटीने बसवत होती. तरी भांड्यात पीठ उरलंच होतं. ग्रिलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिने एकदा नजर फिरवली.

"जरा मोठं घ्यायला हवं होतंस," ती म्हणाली.