'काकू, आधी भागाकार शिका' या प्रतिक्रियेला उत्तर

मुंबई ते न्यूयॉर्कजवळचं नेवार्क या विमानप्रवासावरच्या माझ्या लेखावर आलेली ही प्रतिक्रिया: "काकू, आधी भागाकार शिका. साडेबारा हजार किलोमीटर भागिले नऊशे म्हणजे चौदा तास. जायला सोळा आणि यायला चौदा कसे? अंतर बदलतं का? नकाशातली वाकडी रेघही चूक. घरबसल्या कुठूनतरी उचललेलं दिसतंय."

पहिली गोष्ट, मी तुमची काकू नाही. आपली ओळख नाही, आणि हाक मायेची नाही हे पुढच्या तीन शब्दांत कळतं. "यायला कमी वेळ का लागतो?" एवढंच विचारलं असतंत तर मी आनंदानं सांगितलं असतं.

एक चूक मान्य करते, जरी ती तुम्ही दाखवलेली नाही. नेवार्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, असं मी सरसकट लिहिलं होतं. हिवाळ्यात तिथली घड्याळं मागे घेतात, तेव्हा ते साडेदहा होतं. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण "घरबसल्या" हा शब्द लागला. २०१४ मध्ये लेकीच्या बाळंतपणाला मी एकटी गेले, बॅगेत डिंकाचे लाडू आणि बाळंतविडा घेऊन. तेव्हापासून पाच वाऱ्या झाल्या. विमानात मला झोप लागत नाही, म्हणून समोरच्या स्क्रीनवरचा वेग मी दर तासाला खिशातल्या वहीत टिपते. जाताना ८१०, ८२५, ७९०. येताना अटलांटिकवर १,०४०. असे आकडे घरी बसून सुचत नाहीत.

तुमचे नऊशे हा विमानाचा भोवतालच्या हवेच्या तुलनेतला वेग आहे, खालच्या जमिनीच्या तुलनेतला नाही. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर जेट प्रवाह, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात अधिक जोरात. जाताना तो समोरून येतो, येताना पाठीशी असतो. वाऱ्याचा फरक सरासरी ताशी साठ किलोमीटर धरा. जाताना उरले ८४०, म्हणजे जवळजवळ पंधरा तास. येताना झाले ९६०, म्हणजे तेरा. तिकिटावरची वेळ तर गेट सोडल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, तिथे थांबणं, चढताना-उतरताना कमी असलेला वेग, सगळं त्यात येतं. शिवाय साडेबारा हजार हे सर्वांत जवळच्या वाटेचं अंतर आहे, आणि ती वाट पाकिस्तानवरून जाते. २४ एप्रिल २०२५ पासून ते आकाश भारतीय कंपन्यांना बंद आहे, त्यामुळे त्यांच्या विमानांना वळसा पडतो. अंतर बदलतं का, विचारलंत ना? बदलतं. तुमचा भागाकार बरोबर आहे, भाजक चुकला आहे.

वाकड्या रेघेबद्दल फार लिहीत नाही. पृथ्वीच्या गोलावर मुंबई ते नेवार्क दोरा ताणून बघा, तो स्कँडिनेव्हियावरून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळ जातो. सपाट नकाशावर पट्टीनं आखलेली तुमची सरळ रेघ सुमारे १,७०० किलोमीटर जास्त भरते.

वहीतली पानं बघायची असतील तर सांगा, फोटो टाकते. पुढच्या प्रतिक्रियेत 'काकू' मात्र नको.