जेसन केलं की ऑडिट पास? कोणी सांगितलं?

"मावशी, आता ऑडिटर लागनार नाही म्हंते, हे खरं हाय का?" माझा भाचा दारव्ह्याकडे एका छोट्या सहकारी बँकेत संगणक सांभाळतो. प्रश्नाखाली त्यानं तो मेसेज चिकटवला होता. 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला' हा शिक्का त्यावर होताच. मजकूर थोडक्यात असा: पीडीएफचा जमाना संपला, रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार नागरी सहकारी बँकांना सुरक्षेची कागदपत्रं 'ओस्कॅल'मध्ये (म्हणजे संगणकाला वाचता येईल अशा एका ठरावीक साच्यात) देणं सक्तीचं आहे, फाइल जेसनमध्ये (माहिती साठवण्याचा एक फाइल-प्रकार) केली की ऑडिट आपोआप पास, ऑडिटरचा खर्च शून्य, तुमच्या पीडीएफ या नंबरवर पाठवा, रात्रीतून करून देऊ.

सक्तीचं आधी उरकते. ते परिपत्रक खरं आहे, ३१ डिसेंबर २०१९ चं. बँकेचा डिजिटल पसारा किती, त्यावरून चार पातळ्या आणि प्रत्येक पातळीला वेगळी बंधनं, असं ते आहे. ओस्कॅलची पहिली पक्की आवृत्ती आली जून २०२१ मध्ये. दीड वर्षानं जन्मणाऱ्या साच्याची सक्ती रिझर्व्ह बँकेनं आधीच करून ठेवली म्हणायची! मेसेज लिहिणाऱ्यानं दोन तारखा शेजारी ठेवून पाहण्याचेही कष्ट घेतलेले नाहीत.

आता ते 'आपोआप पास'. ओस्कॅल ही सुरक्षेचे नियम, त्यांची अंमलबजावणी आणि तपासणी संगणकाला वाचता येईल अशा ठरावीक साच्यात लिहिण्याची पद्धत. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं ती फेडरॅम्पच्या, म्हणजे तिथल्या सरकारी खात्यांच्या क्लाउड सेवांची सुरक्षा तपासणाऱ्या कार्यक्रमाच्या, साथीनं बनवली. एक्सएमएल, जेसन, यामल या तिन्ही फाइल-प्रकारांत चालते. तिची रचना निस्टनं सगळ्यांसाठी खुली ठेवली आहे, उघडून बघा. नियमांच्या यादीचा साचा वेगळा, बँकेनं काय केलं ते सांगणाऱ्या सुरक्षा आराखड्याचा वेगळा. त्यापुढे तपासणी कशी करणार याचा, तपासणीत काय सापडलं याचा, आणि राहिलेल्या त्रुटी कोण, कधी भरून काढणार याचा, असे आणखी तीन. ऑडिटर हद्दपारच करायचा होता, तर त्याच्या कामासाठी एवढे साचे बनवण्याचा उपद्व्याप कोणी केला असता?

एक नियम जवळून पाहू. निस्टच्या '८००-५३' नावाच्या सुरक्षा-नियमांच्या यादीत आयए-२ हा नियम आहे: प्रत्येक वापरकर्त्याची स्वतंत्र ओळख पटली पाहिजे. ओस्कॅलच्या आराखड्यात त्यासमोर स्थिती लिहायची असते. 'इम्प्लिमेंटेड' (अंमलात आणलं) लिहिलं आणि फाइल तपासणीच्या प्रोग्राममधून काढली, की तो सांगणार सगळं ठीक. त्यानं बघितलेलं काय असतं? रकाना आहे का, ओळख-क्रमांक योग्य नमुन्यात आहे का, कंस बंद झाला का. कापसाच्या चुकाऱ्याच्या दिवसांत काउंटरवर रांग लागली की एकाच लॉगिनवर तिघं कामं उरकतात, हे त्याला दिसणार कसं? सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे म्हणून वावरात विहीर असतेच असं नाही, हे आपल्याकडे कोणाला समजवायला नको. शाखेत येऊन, लॉगिनची नोंद काढून, "साहेब जेवायला गेले होते तेव्हा ही एन्ट्री कोणी केली?" असं विचारणारा माणूस लागतोच.

मेसेजमध्ये थोडं खरं आहे, तेही सांगते, नाइलाज आहे. दरवर्षी तीच वर्ड फाइल उघडायची, साल बदलायचं आणि बदलीवर गेलेल्या मॅनेजरचं नाव तसंच ठेवायचं, हा प्रकार मी स्वतः पाहिलाय. साच्यातली नोंद असली तर मागच्या वर्षीपासून काय बदललं ते चटकन निघतं, ऑडिटरचा टायपिंगचा वेळ वाचतो. अमेरिकेत तर जुलै २०२४ मध्ये सरकारी खात्यांना आपली साधनं ओस्कॅलमधली कागदपत्रं देऊ-घेऊ शकतील अशी करायला २४ महिन्यांची मुदतच दिली गेली. सर्ट-इन या आपल्या सायबर सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेनंही ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटक-यादीसाठी (सॉफ्टवेअर कोणकोणत्या भागांचं बनलंय त्या यादीसाठी) एसपीडीएक्स, सायक्लोनडीएक्स असे यंत्राला वाचता येणारे साचे सांगितले. वारं तिकडचंच आहे. पण म्हणून ऑडिट सुटत नाही.

खरा राग मला शेवटच्या ओळीचा आहे. 'पीडीएफ या नंबरवर पाठवा.' अहो, त्या पीडीएफमध्ये असतं काय? नेटवर्कचा नकाशा, सर्व्हरची यादी, फायरवॉलचे नियम, मागच्या ऑडिटमध्ये सापडलेली आणि अजून न बुजवलेली भोकं. चोराला घराचा नकाशा, कोणत्या खिडकीची कडी मोडली आहे त्या टिपेसकट. आणि बदल्यात देणार काय? एक्सएमएलचं जेसन करायला निस्टचा ओस्कॅल-सीएलआय हा प्रोग्राम फुकट आहे. पीडीएफचं मात्र 'रूपांतर' होतच नाही. प्रत्येक नियमासमोर आपल्या शाखेत नेमकं काय चालतं, ते तिथल्याच माणसाला बसून लिहावं लागतं. ते रात्रीतून करून देणारा एकतर कॉपी-पेस्ट करणार, नाहीतर त्याला तुमचे कागदच हवे आहेत.

फाइल अजून पाठवली नसेल तर तो नंबर ब्लॉक करा. कोणी पाठवून बसलंच असेल, तर आजच्या आज वरच्यांना सांगा. फाइलमध्ये ज्या खात्यांचा उल्लेख आहे त्यांचे पासवर्ड बदला, उघडी भोकं आधी बुजवा. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत डेटा लीक हा कळवायच्या घटनांमध्ये धरलेला आहे, आणि लक्षात आल्यापासून मुदत सहाच तासांची आहे. घाबरून चॅट डिलीट मात्र करू नका, तक्रारीला तोच पुरावा लागेल.