1 स्टार वाल्या रिव्ह्यूला उत्तर – लॉराची लाँच, जळका क्लच आणि आमची चूक

नमस्कार दादा, रिव्ह्यू दोनदा वाचला, रागात उत्तर द्यायचं नव्हतं म्हणून दोन दिवस थांबलो. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो, दादांची स्कोडा लॉरा 1.8 टीएसआय (टर्बो पेट्रोल), मॅन्युअल, आमच्याकडून रिमॅप केली (म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची फाईल बदलून ताकद वाढवली) आणि टू-स्टेपही (उभ्या गाडीत आरपीएम एका आकड्यावर धरून ठेवणारी सेटिंग) टाकून घेतला, मग आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेसला नेली. तिथे चाकं जागेवरच फिरली, पहिल्या 60 फुटाला 2.7 सेकंद, क्वार्टर माईल (साधारण 400 मीटर) 15.9 सेकंद, शेजारच्या लेनमधली स्टॉक फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी सुरुवातीलाच पुढे निघून गेली, तिसऱ्या रनला क्लचचा वास, आणि फोन केला तर आमच्या पोराने "ड्रायव्हिंग शिका" म्हणून सांगितलं. दादांचं म्हणणं, पॉवर आलीच नाही, पैसे पाण्यात.

ते "ड्रायव्हिंग शिका" आधी. त्याबद्दल सरळ माफी. पोराला झापलंय, असं कुणी कस्टमरशी बोलत नाही.

आता पॉवर. तुम्ही ईटीचं (क्वार्टर माईलला लागलेल्या वेळेचं) तिकीट पाठवलंत पण त्यावरचा शेवटचा आकडा बघितला नाहीत. ट्रॅप स्पीड, म्हणजे फिनिश लाईनवरचा स्पीड, ताशी 146 किमी आहे. हीच गाडी स्टॉक असताना 135 ने फिनिश लाईन पार करत होती, ते जुनं तिकीट तुम्हीच मला दाखवलेलं. ईटी बिघडवायला एक खराब लाँच पुरते, पण लाईन कितीच्या स्पीडने पार होते ते बहुतेक करून इंजिनच्या ताकदीवर असतं. म्हणजे घोडे आलेत दादा, ते पहिल्या 18 मीटरमध्ये रस्त्यावर उतरले नाहीत. स्टॉकला तुमचं 60 फूट 2.4 होतं, आता 2.7, आणि सुरुवातीला एक दशांश गेला की शेवटी दीड-दोन दशांश जातात, म्हणजे अर्धा सेकंद तिथेच गेला, हिशोब करून बघा.

का गेला तर हे बघा. गाडी चौदाशे किलोची धरा, त्यातला साठ टक्के भार पुढच्या चाकांवर. लाँचला, म्हणजे जागेवरून सुटताना, गाडी मागे बसते आणि शंभर-दीडशे किलो मागच्या चाकांवर सरकतात, आणि लॉराला ओढतात पुढची चाकं, म्हणजे जी चाकं ओढणार तीच हलकी. फोर-व्हील-ड्राइव्हला हाच मागे गेलेला भार उपयोगी पडतो, म्हणून ती गाडी सुटली, त्यात तुमची इज्जत जायचं काही कारण नाही. वर रिमॅपनंतर टॉर्क सव्वातीनशे न्यूटन-मीटरच्या आसपास, पहिल्या गियरला तो दहा-बारा पटीने वाढून चाकांवर येतो, साध्या रोडच्या टायरला झेपतो त्याच्या जवळपास दीडपट. मग धूर निघणार नाही तर काय. गाडीच्या कॉम्प्युटरमधून काढलेल्या लॉगमध्ये सरळ दिसतंय, पुढची चाकं 68 ला पळतायत आणि मागची 30 ला.

इथे आमची चूक आहे आणि ती मी लपवत नाही. पहिल्या आणि दुसऱ्या गियरला बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) कमी ठेवायचा असतो, तो आम्ही तुमच्या फाईलमध्ये ठेवलाच नाही. इव्हेंटच्या आदल्या संध्याकाळी घाईत गाडी दिली, टेस्ट रनही नीट झाला नाही. त्या दिवशी मी नाही म्हणायला हवं होतं.

आणि टू-स्टेप. तुम्ही मागितला, आम्ही पैसे घेऊन टाकला, पण खरं सांगायचं तर या टर्बोला त्याची गरजच नव्हती. स्टॉकमध्येच 1500 आरपीएमला पूर्ण 250 चा टॉर्क येतो, एवढ्या लहान टर्बोला लॅग (दाब भरायला लागणारा उशीर) कुठला? मोठा टर्बो लावलेल्या गाड्यांना उभ्या उभ्या बूस्ट भरायला तो लागतो, इग्निशन उशिरा करून आग एक्झॉस्टमध्ये ढकलतात आणि टर्बाईन फिरत ठेवतात, ते फट फट आवाज त्याचेच. तुमच्यासारख्या गाडीला लोक तो आवाजासाठी घेतात (आम्हीही त्या आवाजाचे रील टाकतो, ते सोडा). पण 4500 ला धरून सात-आठ सेकंद उभं राहिलात की टर्बो आणि कॅट (एक्झॉस्टमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) भाजतात, आणि मग स्टॉक क्लच एकदम सोडलात की एकतर टायर सुटणार नाहीतर क्लच जळणार. तुमचं दोन्ही झालं.

दुसऱ्या रनला गाडी "मेली" असं लिहिलंय, ते एएसआर (ट्रॅक्शन कंट्रोल) चालू राहिलं होतं म्हणून. चाक फिरलं की ते थ्रॉटल कापतं. बटण दाबून बंद करायचं असतं, तेवढ्याचा दोष मात्र आमच्यावर नका टाकू.

पुढच्या वेळी टू-स्टेप बंद, 3000 च्या आसपास धरा, क्लच अर्धा सेकंद घसरवत सोडा आणि पाय हळूहळू खाली न्या, फुल थ्रॉटल गाडी हलल्यावर. पुढच्या टायरमध्ये हवा 26 पीएसआय, मागे 38, आणि घरी निघताना परत भरा, विसरू नका. 18 इंची अलॉय दिसायला भारी आहेत पण 16 ची रिम आणि जाड साईडवॉलचा टायर ड्रॅगला जास्त पकडतो. पाण्यात बर्नआऊट नको, रोड टायरच्या खाचांत पाणी बसतं आणि तुम्ही ते लाईनपर्यंत घेऊन जाता, कोरड्यात एकदा हलकं फिरवून माती झाडली की बास. लाँचला पुढून जो दणदण हादरा येतो त्याला व्हील हॉप म्हणतात, त्यात ॲक्सल तुटतो, त्यासाठी खालच्या इंजिन माऊंटला कडक इन्सर्ट लागेल.

प्रॅक्टिस हायवेवर करू नका, मोटार वाहन कायद्याचं कलम 189 (रस्त्यावर रेसिंग) लागतं आणि कुणाचा जीव जाईल ते वेगळंच. तसा लॉग घेऊन आलात तर मी बघणारही नाही.

पूर्ण रिफंड देणार नाही कारण काम झालंय, 146 समोर आहे. पण गियरप्रमाणे बूस्टवाली नवी फाईल फुकट, टू-स्टेपचे पैसे परत, माऊंटचा इन्सर्ट आमच्याकडून. क्लच प्लेट तुमची, बसवायची मजुरी आमची. सोमवारी गॅरेज बंद असतं, मंगळवारी सकाळी आणा, सोबत 16 च्या जुन्या रिम असतील तर त्याही घेऊन या. यावेळी टेस्ट रन मी स्वतः बाजूच्या सीटवर बसून घेणार. स्टार बदला नाहीतर राहू द्या, पण तिसऱ्या रनचा लॉग पाठवलेला नाही तो पाठवा, क्लच नक्की कुठे घसरला ते बघायचंय.