'कमिशन खाल्लं' म्हणे!

आज भावाकडे सत्यनारायण होता. जेवणं आटोपल्यावर भाचा म्हणाला, "आत्या, ॲपवर दोन मिनिटांत म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम टाकायची एसआयपी चालू होते. तुमच्या त्या एजंट लोकांनी इतकी वर्षं नुसतं कमिशन खाल्लं." सगळे हसले. मी चपला घालून निघाले. आता रात्रीचे अकरा वाजलेत, पण ते 'खाल्लं' डोक्यातून जात नाही.

सव्वीस वर्षं मी म्युच्युअल फंडाचं काम करणारी माणसं उभी केली. सांगली, मिरज, जयसिंगपूर, इचलकरंजी. गृहिणी, रिटायर्ड मास्तर, पोस्टाची आरडी गोळा करणाऱ्या बायका. त्यांना परीक्षेला बसवलं, फॉर्म भरायला शिकवलं, पहिल्या ग्राहकाच्या दारात सोबत गेले. सेबीच्या, म्हणजे शेअर बाजार आणि फंडांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या, कागदावर हे 'वितरक', सल्लागार म्हणवून घ्यायचीही मुभा नाही. गावात मात्र सल्ला त्यांनाच विचारतात.

त्यातली मिरजेची एक ताई. नुकता जम बसत होता आणि ऑगस्ट २००९ मध्ये सेबीने एंट्री लोड, म्हणजे पैसे गुंतवतानाच ग्राहकाकडून कापला जाणारा आकार, बंद केला. दहा हजारांमागे साधारण सव्वादोनशे सुटायचे, ते गेले. माझ्याकडचे कितीतरी जण परत विमा विकायला लागले. ताई माझ्यासमोर बसून रडली. दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही घेऊन हजर! "मॅडम, आता ट्रेलवरच जगायचं ना? मग माणसं टिकवायची कशी ते शिकवा." ट्रेल म्हणजे ग्राहकाचे पैसे फंडात राहतील तोवर मिळत राहणारं थोडं थोडं कमिशन.

मी तिला एकच सांगितलं. बाजार पडला की ग्राहकाचा फोन यायच्या आत आपला गेला पाहिजे.

हो, २०१३ पासून डायरेक्ट प्लॅन आहे, मधे एजंट नाही, कमिशन नाही, म्हणून स्वस्त पडतो, ज्याला कळतं त्याने खुशाल घ्यावा. आणि हो, म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात एफडी म्हणून पॉलिसी मारणारेही याच धंद्यात आहेत. त्यांना जोड्याने मारा. पण माझ्या ताईला त्यांच्या रांगेत उभं करायचं नाही!

२३ मार्च २०२०. सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी कोसळला. बाहेर कोरोना. ताईचा फोन सकाळपासून एंगेज. रात्री नऊला लागला तेव्हा तिचा आवाज पार बसला होता. वहीतल्या बासष्ट नावांपैकी पंचावन्न झाली होती. सतारमेकर गल्लीतला एक कारागीर 'सगळं काढून द्या' म्हणून हटून बसला होता. हिने विचारलं, "मुलगी कितवीला?" आठवीला. "पैसे कॉलेजसाठीच ना? मग चार वर्षांनी लागणारे पैसे आज तोट्यात का काढताय?" त्याने नाही काढले. त्या फोनचा तिला वेगळा एक रुपया मिळाला नाही.

ॲपने काय केलं त्या दिवशी? लाल आकडे दाखवले.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. भाचा तेवीसचा आहे. पहिल्या पगारापासून पोरगं आपणहून पैसे बाजूला टाकतंय, याचं खरं तर मी कौतुक करायला हवं होतं. तडकून उठून आले, ते चुकलंच.

बाळा, तू हे वाचशीलच. रविवारी चल माझ्याबरोबर मिरजेला. ताईने ती वही अजून जपून ठेवलीय, कोपरे झिजलेत. त्या दिवशीच्या पानावर पंचावन्न नावांपुढे निळी खूण आहे. उरलेल्या सातांपुढे लाल. ते फोन तिने दुसऱ्या दिवशी सकाळी सातपासून लावले होते.